शेलच्या शाळेत : ‘अ‍ॅक्टिव्हेट’ केल्यावर नक्की काय होतं?

गेल्या अंकात पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंटबद्दल (एकेका प्रोजेक्टची पॅकेजेस, म्हणजे नेटवरून उतरवलेले तयार कोडचे गठ्ठे, वेगळी ठेवायची सोय) मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत आणि वाचता वाचता लक्षात आलं की मी तो विषय घाईत उरकला होता. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

नव्या वाचकांसाठी: मी महापेला सर्व्हर सांभाळायचं काम करते आणि शनिवारी संध्याकाळी खारेगावला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना लिनक्स शिकवते. या सदरात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापतो. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत, जिथे स्पेस दिसते तिथे स्पेस देऊन टाइप करायच्या. एन्व्हायरन्मेंट बनवायची कमांड गेल्या वेळी दिली होती, तीच पुन्हा: ‘पायथन३ -एम व्हीएन्व्ह .व्हीएन्व्ह’. म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये डॉटने सुरू होणारा ‘व्हीएन्व्ह’ नावाचा एक फोल्डर तयार होतो. उबुंटूवर ही कमांड अडली तर आधी ‘पायथन३-व्हीएन्व्ह’ हे पॅकेज एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज घालायच्या साधनाने, घालावं लागतं.

प्रश्न : ताई, मी कोपरखैरण्याला राहते, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅबमध्ये उबुंटू आहे. सरांनी ‘अ‍ॅक्टिव्हेट करून घ्या’ असं सांगितलं. मी ‘.व्हीएन्व्ह’मधल्या बिन फोल्डरमधली ‘अ‍ॅक्टिव्हेट’ ही फाइल थेट चालवली तर ‘परमिशन डिनाइड’ आलं. सीएचमॉडने परवानगी दिली आणि परत चालवली. या वेळी एरर आली नाही, पण झालंही काही नाही. प्रॉम्प्ट (टाइप करायच्या जागेआधी दिसणारा मजकूर) होता तसाच. मैत्रीण म्हणाली, फाइलच्या नावाआधी ‘सोर्स’ लाव. लावलं आणि झालं. पण का झालं? विचारलं तर ‘ते तसंच असतं’ एवढंच उत्तर मिळतं.

उत्तर : ‘ते तसंच असतं’ यावर तुझं समाधान झालं नाही, याचा मला खरंच आनंद झाला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एकदा कळलं की या अंकातले बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तू शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एखादी फाइल चालवतेस तेव्हा शेल तिच्यासाठी एक नवी प्रोसेस सुरू करतं. त्या प्रोसेसला आपल्या सगळ्या सेटिंग्जची एक प्रत देतं. मूळ कागद देत नाही, प्रत देतं. मैत्रिणीने तुझ्या जर्नलची झेरॉक्स काढली, त्या झेरॉक्सवर हवी तेवढी खाडाखोड केली आणि मग ती फाडून टाकली, तर तुझ्या जर्नलमध्ये काय बदललं? काहीच नाही. तू सीएचमॉड करून फाइल चालवलीस तेव्हा अगदी हेच झालं. फाइलने आपलं काम चोख केलं, सगळे बदल केले, पण ते झेरॉक्सवर. काम संपलं, प्रोसेस गेली, बदलही गेले. म्हणून एररही नाही आणि परिणामही नाही.

‘सोर्स’चा अर्थ असा, की नवी प्रोसेस सुरू करू नकोस, या फाइलमधल्या ओळी मी इथेच टाइप करते आहे असं समजून एकेक वाच. म्हणजे खाडाखोड थेट तुझ्या जर्नलमध्ये. ‘सोर्स’ऐवजी नुसता एक टिंब आणि स्पेस दिली तरी बॅशमध्ये (उबुंटूच्या नेहमीच्या शेलमध्ये) तेच काम होतं. टिंबाची पद्धत जास्त जुनी आणि बॅशच्या जातकुळीतल्या सगळ्या शेलमध्ये चालणारी. त्या फाइलला चालवायची परवानगी मुळात दिलेलीच नसते, त्यामागेही हेच कारण. फाइल उघडून बघ. अगदी वरच्या ओळींमध्ये लिहिलेलं आहे की ही फाइल सोर्स करूनच वापरायची, थेट चालवता येत नाही. सीएचमॉड करायच्या आधी ‘लेस’ने ती वाचली असतीस तर तिथेच उत्तर मिळालं असतं. यापुढे अडलं की आधी फाइल उघडून वाचायची सवय लाव.

आता ती वाचूच. शंभर ओळींच्या आतली साधी फाइल आहे. पहिलं काम ती कुठलं करते माहीत आहे? बंद कसं करायचं ते आधी लिहून ठेवते. ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ नावाचं एक फंक्शन तयार करते. मग ‘व्हर्च्युअल_एन्व्ह’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये तुझ्या एन्व्हायरन्मेंटचा पूर्ण पत्ता ठेवते. मग सध्याचा ‘पाथ’ बाजूला जपून ठेवते आणि त्याच्या सुरुवातीला एन्व्हायरन्मेंटमधला बिन फोल्डर जोडते. ‘पायथनहोम’ नावाचं व्हेरिएबल असेल तर ते तात्पुरतं काढून टाकते. प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव लावते. शेवटी, आधी चालवलेल्या कमांड कुठे सापडल्या होत्या याची शेलने ठेवलेली आठवण पुसायला सांगते. झालं. पॅकेज उतरवणं नाही, कुठली सेवा सुरू करणं नाही.

यातला खरा मोहरा एकच, पाथ. आमच्या खारेगावात पाटील पुष्कळ. आमच्या इमारतीतच चार घरं आहेत. कुरियरवाला नुसतं ‘पाटील’ लिहिलेलं पार्सल घेऊन आला की तळमजल्यापासून पाट्या बघत वर जातो आणि पहिली ‘पाटील’ पाटी दिसेल त्या दारात पार्सल देऊन मोकळा होतो. वरच्या मजल्यांवर आणखी तीन पाटील आहेत हे तो बघायला जात नाही. तू ‘पायथन’ टाइप केलंस की शेलही तसंच करतं. पाथमध्ये फोल्डरांची यादी असते, मधे मधे कोलन देऊन. शेल डावीकडून एकेक फोल्डर बघतं आणि पहिल्यांदा जिथे ‘पायथन’ सापडेल ते चालवतं. अ‍ॅक्टिव्हेट करणं म्हणजे त्या यादीच्या अगदी सुरुवातीला एक नवं दार उभं करणं, दुसरं काही नाही.

हातानेच करून बघ. अ‍ॅक्टिव्हेट करायच्या आधी ‘एको $पाथ’ चालव आणि आलेली ओळ वहीत उतरून घे. मग ‘विच पायथन३’ चालव. अ‍ॅक्टिव्हेट कर आणि दोन्ही परत चालव. पहिल्या ओळीत सुरुवातीला जेवढी भर पडलेली दिसेल तेवढंच अ‍ॅक्टिव्हेशन. माझ्या शनिवारच्या वर्गात मी हे वहीतच करायला लावते, कारण स्क्रीनवर ती लांबलचक ओळ बघताना नजर घसरते, हाताने लिहिताना घसरत नाही.

उरला एक प्रश्न, जो तू विचारला नाहीस पण पुढच्या आठवड्यात विचारशील. त्या बिन फोल्डरमधलं पायथन उबुंटूवर बहुधा नुसती सिमलिंक असते, म्हणजे सिस्टिममधल्याच पायथनकडे बोट दाखवणारी. मग ते आपली पॅकेजेस वेगळी कशी ठेवतं? त्या बिन फोल्डरच्या एक पायरी वर ‘पायव्हेन्व्ह.सीएफजी’ नावाची चार-पाच ओळींची फाइल असते. पायथन सुरू होताना आपल्या शेजारी किंवा एक पायरी वर ही फाइल आहे का बघतं. असली की त्याला कळतं, आपण एन्व्हायरन्मेंटमध्ये आहोत, पॅकेजेस इथूनच घ्यायची. ही रचना पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून पायथनच्या अंगातच आली. त्याआधी २००७ मध्ये इयान बिकिंग यांनी ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ हे वेगळं साधन लिहिलं होतं, सगळे तेच वापरायचे. अ‍ॅक्टिव्हेट आणि डीअ‍ॅक्टिव्हेट हे शब्द आपल्याला तिथूनच मिळाले.

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो. बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. सोसायटीचा देखभाल खर्च आणि पाणीबिलाचा हिशेब करायला आपल्या सदरातूनच पायथन शिकलो, त्याबद्दल आभार. अडचण अशी की अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर परत बंद कसं करावं हे समजत नाही. मी नवी खिडकी उघडून ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ टाइप करतो तर ‘कमांड नॉट फाउंड’ येतं. नाइलाजाने सगळ्या खिडक्या बंद करतो. त्यामुळे आत ठेवलेल्या हिशेबाच्या फाइल्स खराब होतील का? या काळजीने मी प्रत्येक वेळी पेनड्राइव्हवर प्रत काढतो.

उत्तर : काका, नमस्कार. तुमच्या फाइल्स पूर्ण सुरक्षित आहेत. खिडकी बंद केल्याने काहीही बिघडत नाही.

वरचं उत्तर तुम्ही वाचलंत तर लक्षात येईल की डीअ‍ॅक्टिव्हेट ही डिस्कवर ठेवलेली कमांड नाहीच. अ‍ॅक्टिव्हेट करताना त्या एका शेलच्या आठवणीत तयार झालेलं ते फंक्शन आहे. ज्या खिडकीत अ‍ॅक्टिव्हेट केलं, त्याच खिडकीला ते माहीत. नव्या खिडकीला त्याचा पत्ताच नसतो, म्हणून ‘कमांड नॉट फाउंड’. त्या नव्या खिडकीत बंद करण्यासारखं काही उघडलेलंही नसतं. जिथे प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव दिसतं आहे तिथे जा, ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ टाइप करा, एंटर. नाव गेलं की झालं. मघाशी बाजूला जपून ठेवलेला जुना पाथ आणि जुना प्रॉम्प्ट परत जागेवर येतो. ‘एक्झिट’ टाइप करू नका असं नाही, पण त्याने पूर्ण शेलच बंद होतं, नुसतं एन्व्हायरन्मेंट नाही.

तुमच्या पत्रातला ‘आत ठेवलेल्या’ हा शब्द मात्र मला थांबवून गेला. एन्व्हायरन्मेंट ही तिजोरी नाही. अ‍ॅक्टिव्हेट केलं म्हणून तुम्ही कुठल्या आतल्या खोलीत गेलात आणि तिथे बनवलेल्या फाइल्स तिथेच राहिल्या, असं होत नाही. तुमचे हिशेब ज्या फोल्डरमध्ये ठेवले तिथेच आहेत, अ‍ॅक्टिव्हेट असो वा नसो. वेगळी राहतात ती फक्त पायथनची पॅकेजेस. आणि याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. एन्व्हायरन्मेंटमध्ये चालवलेला प्रोग्रॅम तुमच्या इतर फाइल्स वाचू शकतो, पुसूही शकतो. अनोळखी माणसाने पाठवलेला प्रोग्रॅम ‘एन्व्हायरन्मेंटमध्ये आहे, मग काय होणार’ म्हणून चालवू नका. त्या संरक्षणासाठी हे साधन बनलेलंच नाही.

फक्त तो हिशेबाचा फोल्डर ‘.व्हीएन्व्ह’च्या आत बनवलेला नाही ना, एवढं बघून घ्या. असेल तर बाहेर काढा. ‘.व्हीएन्व्ह’ आपण केव्हाही पुसून परत बनवतो, त्यात स्वतःचं काही ठेवू नये. आणि पेनड्राइव्हवर प्रत काढायची तुमची सवय चांगलीच आहे, ती कारण बदललं तरी चालू ठेवा.

प्रश्न : घोडबंदर रोडवरून लिहितो. ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा. पॉवरशेलमध्ये अ‍ॅक्टिव्हेट केलं की लाल अक्षरात ‘या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवणं बंद आहे’ अशा अर्थाचा मजकूर येतो. बिन फोल्डरही सापडत नाही.

उत्तर : विंडोजवर बिनऐवजी ‘स्क्रिप्ट्स’ नावाचा फोल्डर असतो. पॉवरशेलसाठी त्यातली ‘अ‍ॅक्टिव्हेट.पीएस१’ चालवायची. तुम्हाला अडवते आहे ती पॉवरशेलची एक्झिक्युशन पॉलिसी. तुमच्या लॅपटॉपवर तिने स्क्रिप्ट बंद ठेवल्या आहेत. ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -एक्झिक्युशनपॉलिसी रिमोटसाइन्ड -स्कोप करंटयूजर’ एकदा चालवा. हा बदल तुमच्या यूजरपुरताच होतो, अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही. पण लॅपटॉप ऑफिसचा आहे, तेव्हा आयटीवाल्यांना विचारून करा. त्यांनी नाही म्हटलं तर साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘.व्हीएन्व्ह\स्क्रिप्ट्स\अ‍ॅक्टिव्हेट’ एवढंच पुरतं, तिथे ही पॉलिसी आड येत नाही. बंद करायला दोन्हीकडे डीअ‍ॅक्टिव्हेटच.

प्रश्न : मी ऐरोलीला एका छोट्या कंपनीत आहे. प्रॉम्प्टवर कंसात एन्व्हायरन्मेंटचं नाव अगदी स्वच्छ दिसतं. तरी प्रोग्रॅम चालवला की ‘मॉड्यूल सापडलं नाही’. काल तर चालत होतं! पॅकेज परत घालायला गेलो तर पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस घालायच्या कमांडने, वेगळाच मोठा एरर दाखवला.

उत्तर : कालपासून आजपर्यंत तुम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव बदललंत का? किंवा तो दुसरीकडे हलवलात? पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण मला जवळजवळ खात्री आहे. दोन महिन्यांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाचं हेच झालं होतं. आम्ही दोघांनी त्याच्या लॅपटॉपवर पायरी पायरीने कसं शोधलं ते सांगते, तसंच तुमच्याकडे करून बघा.

त्याच्याही प्रॉम्प्टवर नाव होतं. ‘विच पायथन३’ चालवलं. उत्तर यायला हवं होतं त्याच्या घरच्या फोल्डरातल्या ‘.व्हीएन्व्ह/बिन’चं. आलं ‘/यूएसआर/बिन/पायथन३’. म्हणजे सिस्टिमचं पायथन. प्रॉम्प्ट एक सांगतो आहे आणि शेल दुसरंच चालवतं आहे. मग ‘एको $व्हर्च्युअल_एन्व्ह’ केलं. जो पत्ता आला त्यात फोल्डरचं नाव होतं ‘टेस्ट१’. मुलगा म्हणाला, ‘पण मॅडम, टेस्ट१ मी कधीच बदलला, आता त्याचं नाव प्रोजेक्ट आहे.’

तिथेच गाठ सुटली. अ‍ॅक्टिव्हेट फाइलमध्ये एन्व्हायरन्मेंटचा पूर्ण पत्ता, ती बनली त्या वेळचा, अक्षरशः लिहिलेला असतो. फोल्डरचं नाव बदललं तरी फाइलमधली ती ओळ बदलत नाही. मग अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर पाथच्या सुरुवातीला अस्तित्वातच नसलेला फोल्डर जोडला जातो. शेल तिथे डोकावतं, काही सापडत नाही, एक शब्द न बोलता पुढच्या फोल्डरकडे जातं आणि सिस्टिमचं पायथन उचलतं. कंसातलं नाव मात्र लागतंच, कारण ते लावायला फोल्डर असावा लागत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, प्रॉम्प्टवरच्या नावावर विसंबू नका, ‘विच’ला विचारा. पायथनच्या आतूनही विचारता येतं: ‘सिस’ इम्पोर्ट करून ‘सिस.प्रीफिक्स’ आणि ‘सिस.बेस_प्रीफिक्स’ प्रिंट करा. दोन्ही वेगळे आले तर तुम्ही खरंच एन्व्हायरन्मेंटमध्ये आहात, एकच आले तर नाही.

बिन फोल्डरमधल्या पिपसारख्या कमांडच्या पहिल्या ओळीतही तोच जुना पूर्ण पत्ता असतो, म्हणून थेट ‘.व्हीएन्व्ह/बिन/पिप’ चालवलं तर एरर येते, जुन्या बॅशवर ‘बॅड इंटरप्रीटर’ अशी.

उपाय एकच, एन्व्हायरन्मेंट पुसून नवी बनवायची. फाइलमधले पत्ते हाताने दुरुस्त करत बसू नका, एखादा राहतोच. पण पुसायच्या आधी थांबा. आत कोणती पॅकेजेस होती याची यादी तुमच्याकडे नसेल तर ती अजूनही काढता येते. पायथन आपली पायव्हेन्व्ह.सीएफजी शेजारून शोधतं, पूर्ण पत्त्यावरून नाही, त्यामुळे हलवलेल्या एन्व्हायरन्मेंटमधलं पायथन थेट बोलावलं तर बहुधा चालतं. ‘.व्हीएन्व्ह/बिन/पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’. यादी हातात आली की जुना फोल्डर पुसा, नवी एन्व्हायरन्मेंट बनवा, अ‍ॅक्टिव्हेट करा आणि ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’. त्या मुलाचं हे सगळं दहा मिनिटांत झालं आणि नंतर तो बराच वेळ ती अ‍ॅक्टिव्हेट फाइल वाचत बसला होता. मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये कामाला आहे. रात्री दोन वाजता एक पायथन स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) चालवायची आहे. हाताने चालवली की चालते. क्रॉनमध्ये आधी ‘सोर्स’ची ओळ घातली तर ‘सोर्स: नॉट फाउंड’ येतं, काढली तर मॉड्यूल सापडत नाही. शेवटी सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, पिपने सिस्टिममध्येच सगळं घालावं असं एकाने सुचवलं. घालू का?

उत्तर : घालू नका. कृपया घालू नका. कारण सांगते, पण आधी तुमचं काम.

क्रॉन तुमचं नेहमीचं शेल उघडत नाही. तो तुमची बॅशआरसी (बॅश सुरू होताना वाचली जाणारी सेटिंग्जची फाइल) वाचत नाही, त्याचा पाथ अगदी तोकडा असतो आणि तो कमांड ‘/बिन/एसएच’कडे देतो. उबुंटू-डेबियनवर ते असतं डॅश, बॅश नाही. डॅशला ‘सोर्स’ हा शब्दच माहीत नाही, फक्त टिंब माहीत आहे. टिंब लावलंत तर चालेल. पण त्याचीही गरज नाही. अ‍ॅक्टिव्हेट करणं ही बसून टाइप करणाऱ्या माणसाची सोय आहे, पूर्ण पत्ता लिहावा लागू नये म्हणून. क्रॉनला टाइप करायचा कंटाळा येत नाही. त्याला पूर्ण पत्ता द्या: आधी तुमच्या एन्व्हायरन्मेंटमधल्या बिनमधलं पायथन, मग स्क्रिप्ट, दोन्ही अगदी सुरुवातीच्या तिरक्या रेघेपासून. सिस्टिमडीची (लिनक्सवर सेवा सुरू ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची) सर्व्हिस लिहितानाही असंच. सुडोचंही हेच आहे. बहुतेक मशिनवर सुडो तुमचा पाथ बाजूला ठेवून स्वतःचा पाथ वापरतं, त्यामुळे अ‍ॅक्टिव्हेट केलेल्या खिडकीतही ‘सुडो पिप’ म्हटलं की सिस्टिमचं पिप चालतं. कंसातलं नाव दिसत असताना तुम्ही सिस्टिममध्ये घालून बसता.

आता कारण. २०१६ चा पावसाळा. मी तेव्हा दुसऱ्या कंपनीत होते, सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सचे. एका रिपोर्टसाठी पायथन ३ हवं होतं. ते घातलं, पण रिपोर्टची स्क्रिप्ट नुसतं ‘पायथन’ म्हणत होती आणि ते होतं २.७. मी ‘/यूएसआर/बिन/पायथन’ ही सिमलिंक बदलून ३ कडे वळवली. रिपोर्ट चालला. रात्री अकराच्या सुमारास एक पॅकेज अद्ययावत करायला ‘यम’ चालवलं आणि सिंटॅक्स एरर आली. फाइल ‘/यूएसआर/बिन/यम’, ओळ ३०, ‘एक्सेप्ट कीबोर्डइंटरप्ट, ई’. ती ओळ आजही माझ्या जुन्या वहीत आहे. यम स्वतः पायथन २ मध्ये लिहिलेलं आणि मी त्याच्या पायाखालचा पायथनच काढून घेतला होता. पॅकेज घालायचं साधनच मोडलं. दुरुस्ती एका ओळीची होती, सिमलिंक परत २ कडे वळवायची. पण आपण दुपारी केलेल्या बदलामुळे रात्रीचं यम मोडलं हे लक्षात यायला मला अडीच वाजले. शेवटची लोकल कधीच गेली होती. पहाटे घणसोलीहून पहिल्या गाडीने ठाण्याला आले, बाहेर धो धो पाऊस, आणि डोक्यात एकच, की स्क्रिप्टला तिची स्वतःची एन्व्हायरन्मेंट दिली असती तर यातलं काहीच घडलं नसतं.

सिस्टिमचं पायथन सिस्टिमचं असतं, आपलं नसतं. आता तर डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून, म्हणजे २०२३ पासून, सिस्टिमच्या पिपने पॅकेज घालायला गेलात तर ते ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट’ असं सांगून नकार देतं. त्याच मजकुरात तो नकार मोडून काढायचा एक ऑप्शनही सुचवलेला असतो, ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ नावाचा. नाव अगदी खरं ठेवलं आहे. सर्व्हरवर तो वापरू नका.

प्रश्न : वाशीहून. एमएस्सी बायोटेकची विद्यार्थिनी. आमच्याकडे अ‍ॅनाकॉन्डा आहे, म्हणजे पॅकेजेससकट येणारं पायथन आणि त्याचं ‘कॉन्डा’ हे साधन. टर्मिनल उघडलं की कंसात ‘बेस’ आधीच असतं, मी काही अ‍ॅक्टिव्हेट न करता. आणि जुन्या पुस्तकात ‘सोर्स अ‍ॅक्टिव्हेट’ दिलंय, मॅडम ‘कॉन्डा अ‍ॅक्टिव्हेट’ सांगतात.

उत्तर : मॅडमचं बरोबर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या कॉन्डा ४.४ पासून ‘कॉन्डा अ‍ॅक्टिव्हेट’ हीच पद्धत, पुस्तक त्याआधीचं. ‘कॉन्डा इनिट’ तुझ्या बॅशआरसीत एक मजकूर घालतं, त्यामुळे ‘कॉन्डा’ हे शेलमधलं फंक्शन बनतं आणि सोर्स म्हणावं लागत नाही. झेरॉक्सचं जे वर सांगितलं त्यातून सुटायची ही दुसरी वाट. ‘बेस’ आपोआप नको असेल तर ‘कॉन्डा कॉन्फिग --सेट ऑटो_अ‍ॅक्टिव्हेट_बेस फॉल्स’ एकदा चालव आणि नवी खिडकी उघड.

एक फरक लक्षात ठेव. कॉन्डात एकावर दुसरी अ‍ॅक्टिव्हेट केलीस आणि ‘कॉन्डा डीअ‍ॅक्टिव्हेट’ म्हटलंस तर तू एक पायरी मागे, आधीच्या एन्व्हायरन्मेंटमध्ये येतेस. व्हीएन्व्हमध्ये दुसरी अ‍ॅक्टिव्हेट केली की पहिली आधी उतरवली जाते आणि डीअ‍ॅक्टिव्हेट केल्यावर थेट मूळ शेल. दोन्ही एकमेकांवर चढवू नकोस. चढवलंसच तर उलट क्रमाने उतरव, शेवटची आधी. दोघीही जुना पाथ आपापल्या परीने जपून ठेवतात, क्रम चुकला की पाथमध्ये भलतंच काहीतरी उरतं.

प्रश्न : मी कळव्याला राहते, घरूनच शिवणकाम करते. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉप भरला म्हणतो आणि नवीन डिस्क हवी म्हणतो. तुमचं सदर वाचून मी ‘एलएस -ए’ करून बघितलं, अकरा ठिकाणी ‘.व्हीएन्व्ह’ फोल्डर आहेत. पुसले तर त्याचा अभ्यास जाईल का?

उत्तर : वहिनी, तुम्ही स्वतः टर्मिनल उघडून अकरा फोल्डर शोधलेत, हे वाचून मी पत्र दोनदा वाचलं. अभ्यास जाणार नाही. त्या फोल्डरमध्ये नेटवरून उतरवलेली पॅकेजेस असतात. मुलाने लिहिलेलं शेजारच्या फाइल्समध्ये असतं. प्रत्येकाने किती जागा घेतली ते ‘डीयू -एसएच .व्हीएन्व्ह’ने दिसेल. मशीन लर्निंगची पॅकेजेस असतील तर एकेक फोल्डर कित्येक जीबीचा निघू शकतो.

मात्र पुसायचं काम तो शेजारी बसलेला असतानाच करा. प्रत्येक ‘.व्हीएन्व्ह’च्या शेजारी रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी आहे का बघा. नसेल तिथे त्याला आधी अ‍ॅक्टिव्हेट करून पिप फ्रीझने ती यादी बनवायला सांगा, मग डीअ‍ॅक्टिव्हेट. त्याने कधी चुकून स्वतःच्या फाइल्स त्या फोल्डरात ठेवल्या नाहीत ना, हेही त्यालाच विचारा. सुरुवात ज्याचं काम संपलं आहे अशा एकाच प्रोजेक्टपासून करा: फोल्डर पुसा, तुमच्यासमोर त्याला नवी एन्व्हायरन्मेंट बनवून यादीवरून पॅकेजेस परत घालू द्या आणि प्रोग्रॅम चालवून दाखवू द्या. चालला की तोही फोल्डर पुसून पुढच्याकडे वळा. सध्या ज्यावर काम चालू आहे ते दोन-तीन तसेच राहू द्या. किती जागा सुटली ते मला जरूर कळवा.